एकेक आकडा वाचत रामटेक

शेवंताबाई. हे नाव आधी लिहून टाकतो. रामटेकच्या अंबाळा तलावाच्या काठी त्या शिंगाडे विकतात, आणि त्या रविवारी त्या तिथं नसत्या तर हे लिहायला मी नागपुरात उरलोच नसतो. पुढं देवळं, दरवाजे, वानरं यांच्यात मी रमून जाईन आणि मूळ माणूस मागं पडेल अशी धास्ती वाटते. मला तशी बऱ्याच गोष्टींची धास्ती वाटते, हे तुम्हांला गावात ठाऊक आहेच.

आपल्या गावच्या वाचनालयाच्या हस्तलिखितासाठी 'नागपूरचं काहीतरी लिहून पाठव' असं गुरुजींनी कळवलं. सातवीत शाळा सोडून चिरेखाणीवर गेलेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे जरा जास्तच. पण तेव्हा मला परत वर्गात बसवायला याच गुरुजींनी घरी दोन खेपा घातल्या होत्या. नाही म्हणवेना.

तर, मी राहतो बेसा भागात. नागपूरच्या दक्षिण टोकाला, जिथं शेतं संपून इमारती सुरू होतात. तिथं कुंपणाच्या भिंतींना दगड चढवायचं काम होतं, ते दिवाळीआधी संपलं आणि ठेकेदार दुसऱ्या गावी गेला. तिकडं आपल्याकडची खाणही बंद पडल्याचं भावानं कळवलेलं. अशात एका ओळखीच्या सुतारानं नंबर दिला: रामटेकला तलावाकाठच्या एका जुन्या मंडपाची डागडुजी चाललीय, चुन्यातलं काम आहे, गवंडी हवेत. मी फोन केला. काम पाहणाऱ्या इंजिनीयर मॅडमनी विचारलं, "जुनी बांधकामं पाहिलीत का? रामटेक फिरलायत?"

मी "हो" म्हणालो.

फिरलो नव्हतो. तोंडातून निघून गेलं. मॅडम म्हणाल्या, सोमवारी सकाळी नऊला या, प्रत्यक्ष बोलू. सोमवारी त्यांनी दोन प्रश्न विचारले की माझं पितळ उघडं पडणार होतं, आणि पडलं तर मला गावची गाडी धरण्यावाचून गत्यंतर नव्हतं. म्हणून आदल्या दिवशी, रविवारी, मी रामटेकला निघालो. बोललेलं खोटं नऊच्या आत खरं करून टाकायला.

गणेशपेठच्या स्टँडवरून सकाळची एसटी. कन्हान नदीच्या पुलावर धुकं इतकं दाट होतं की पुलाखाली नदी आहे हे मानून घ्यावं लागलं. मनसर गेलं, आणि मग शेतांच्या पलीकडं एक लांब टेकडी आली, तिच्या माथ्यावर पांढरी शिखरं. खालची टेकडी धुक्यात बुडालेली, त्यामुळं शिखरं नुसती हवेत ठेवल्यासारखी. मी गवंडी माणूस, पाया दिसल्याशिवाय मला चैन पडत नाही. पण ते बघून भीती थोडी सैल झाली खरी.

स्टँडजवळ पोहे खाल्ले. वर तर्री (हरभऱ्याचा तिखटजाळ रस्सा) ओतलेली. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी, तिसऱ्याला आणखी मागितली. पोहेवाल्यानं विचारलं, "दर्शनाले आला का गा?"

"नाही, बघायला आलोय. जुनी बांधकामं."

"संगं कोणी नाही?"

"एकटाच."

"मंग हे घेऊन जाय." त्यानं गल्ल्याखालून एक झेरॉक्स काढली. "आमच्या शाळेच्या चित्रकलेच्या सरनं बनवलं. आकड्यामागं आकडा चालत राह्य. संध्याकाळी इथंच येऊन पडशील, पोहे खायले."

कागदावर हातानं काढलेला नकाशा, त्यात नऊ आकडे, आणि खाली प्रत्येक आकड्याच्या चार-पाच ओळी. अक्षर बारीक. माझं वाचन तुम्हांला माहीत आहे, ओळीखाली बोट ठेवून चालतं. सगळा कागद वाचत बसलो असतो तर तिथंच दुपार झाली असती. म्हणून ठरवलं, एका वेळी एकच आकडा वाचायचा, तिथं जायचं, मग पुढचा. ही युक्ती मला त्या वेळी फार हुशारीची वाटली.

एक होता बाजारातल्या जुन्या घरांच्या सज्ज्यांचा. खाली मोबाइलचं दुकान, वर सागवानी सज्जा, सज्ज्याच्या तुळईच्या टोकाला कोरलेला पोपट, आणि पोपटाच्या चोचीत कुणीतरी केबल अडकवलेली. दोन होती टेकडीच्या पायथ्याची बावडी. पाण्यात उतरत जाणाऱ्या पायऱ्या, भोवती दगडी खांबांची ओसरी, खांब निम्मे वर आणि निम्मे पाण्यात उलटे. मी कितीतरी वेळ तिथं बसलो. आपल्याकडचा चिरा मऊ, खाणीतून निघाला की तासता येतो. इथला दगड कठीण, प्रत्येक घाव मोजून घातलेला. छिन्नीच्या खुणा सगळ्या एका बाजूला तिरक्या होत्या, आणि एका खांबापासून त्या एकदम उलट्या बाजूला कलल्या होत्या. तिथं डावखुरा माणूस बसला असणार. त्याचं नाव कुठंच नाही, पण तो डावखुरा होता हे मला कळलं. सोमवारी हे सांगता येईल, असं मनात आलं आणि जरा धीर आला.

तीन आणि चार गडावर: वराह, आणि माथ्यावरची पांढऱ्या शिखरांची देवळं. चढ चढून गेलं की दगडाचा एक भलामोठा वराह उभा आहे. त्याच्या चार पायांमधून रांगत पलीकडं जायचं. ज्याच्या गाठीशी पाप नाही तोच सुटतो म्हणतात. माझ्या पुढं मौद्याकडचं एक शेतकरी जोडपं होतं. नवरा आत शिरला आणि कमरेशी अडकला.

"सरका ना जी पुढं," बायको म्हणाली.

"सरकत नाही वं. काहीतरी पाप झालं वाटते."

"पाप नाही थे. रातचे वडे होय. किती म्हटलं, दोन कमी खा."

शेवटी मी पलीकडून हात धरून ओढला. माणूस धुळीनं माखून बाहेर आला आणि देवाला हात जोडायच्या आधी माझ्याच पाया पडायला लागला. मी मात्र रांगलो नाही. रांगेत लोक फार होते, असं तेव्हा स्वतःला सांगितलं.

पाचव्या आकड्याला एकामागं एक दरवाजे आणि तटबंदी. तटावरून खाली पाहिलं तर ओल्या शेतांचे तुकडे चमकत होते आणि त्यांतून एक बैलगाडी जात होती, आवाज न करता. ऊन अंगावर आलं होतं. मी अर्धवट झोपेतल्यासारखा दरवाज्यादरवाज्यांतून ये-जा करत राहिलो. कमानीखाली गारवा, बाहेर ऊब, पुन्हा गारवा. कमानीचा मधला दगड पाहिला की माझी मान आपोआप वर होते. शेकडो वर्षं एक दगड बाकीच्यांना धरून ठेवतो आणि खालून लोक सेल्फी काढत जातात.

तिथं फुटाणे घेतले. भट्टीतून काढलेले, हातात धरवेनात, म्हणून सरांच्या नकाशाची पुडी केली. तटावर बसून दोन दाणे तोंडात टाकतोय तोच मागून एक काळा हात आला. वानर. पुडी घेऊन तो बुरुजावर गेला, फुटाणे खाल्ले आणि मग कागदही सावकाश फाडला, एकेक पट्टी करून. फुटाणेवाला म्हणाला, "वाचून राहिला भौ तो. शिकेल (शिकलेला) हाये."

पुढचे चार आकडे त्याच्या पोटात किंवा दरीत गेले. मी ते वाचलेच नव्हते. पण सहावा पायऱ्यांचा असावा, कारण गडाच्या मागल्या अंगानं दगडी पायऱ्या खाली उतरत होत्या आणि खाली तलाव दिसत होता. निघालो.

त्या पायऱ्या मी विसरणार नाही. मधोमध झिजून पन्हळीसारख्या झालेल्या, दोन्ही बाजूंना झाडी. एकही माणूस भेटला नाही. उतरता उतरता असं वाटायला लागलं की पाय माझे नाहीत, आधी उतरलेल्यांचे आहेत, मी नुसता त्यांत पाय घालतोय. शेवटच्या वळणावर अंबाळा तलाव एकदम समोर आला. तीन बाजूंनी टेकड्या, काठावर घाट, आणि घाटांवर लहान लहान देवळं नि मंडप पाण्याकडं तोंड करून बसलेले. दुपार व्हायला आली तरी पाण्यावर धूसर पांढरं काहीतरी रेंगाळत होतं. मधे शिंगाड्यांच्या वेलांचा हिरवा गालिचा होता, त्यात दोन माणसं छातीएवढ्या पाण्यात उभी राहून शिंगाडे खुडत होती. त्यांचं बोलणं पाण्यावरून स्पष्ट ऐकू यायचं, पण मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. ते नाही कळलं तेच बरं वाटलं.

मी मंडपामागून मंडप पाहत गेलो. शेवटी झाडाखाली एक छोटा, जेमतेम आठ खांबांचा मंडप होता. दाराशी एक बांबू जमिनीवर आडवा पडलेला. ओलांडून आत गेलो. आतली भिंत घडीव दगडाची, सांधे इतके बारीक की नख जाऊ नये. आणि त्या भिंतीत, कोपऱ्याशी, वरपासून खालपर्यंत एक भेग. तिच्यावर, माझ्या खांद्याच्या उंचीला, प्लॅस्टरचा पांढरा ठिपका. पापडाएवढा, वाकडातिकडा थापलेला. त्यावर पेन्सिलीनं काहीतरी लिहून पुसट झालेलं होतं. भिंतीवर आणखी चार ठिकाणी प्रेमवीरांची नावं होतीच, त्यांतलंच समजलो.

गवंड्याला दुसऱ्याचं गबाळं काम बघवत नाही. जेवणाच्या ताटात माशी पडल्यासारखं होतं. मी खिशातून खोलीची किल्ली काढली आणि ठिपक्याच्या कडेखाली घातली. दोन झटक्यांत तो सुटून हातात आला, दोन तुकड्यांत.

"काहून काढलं गा थे?"

मागं वळलो. साठीची बाई, लुगडं गुडघ्यांपर्यंत ओलं, कमरेवर शिंगाड्यांचं टोपलं.

"वाईट दिसत होतं," मी म्हणालो. "एवढी चांगली भिंत, आणि वर कुणी अडाण्यानं थापलेलं."

"अडाणी नाही. इंजिनेर हाये मॅडम. भिंत हालते का नाही, पाहाले लावलं थे. वर तारीख लिवते, अन् भिंत हालली का ठिपका तुटते. असे सात हायेत या मंडपाले. सरच्या कागदावरही लिवलं हाये ना, काम चालू, हात लावू नये."

कागद वानरानं खाल्ला, हे त्या वेळी सांगण्यात अर्थ नव्हता. तलावाचा काठ, जुना मंडप, चालू काम, इंजिनीयर मॅडम. सोमवारचं माझं काम याच मंडपाचं होतं. मी तिथंच खाली बसलो आणि बसल्या बसल्या बाईंना सगळं सांगून टाकलं. कुठला, कशाला आलो, फोनवर काय बोललो, सगळं. त्यांनी टोपलं खाली ठेवलं. त्याच शेवंताबाई. रविवारी मजूर नसतात, तेव्हा मंडपावर नजर ठेवायची पाळी त्यांची. वाट अडवायला लावलेला बांबूही त्यांनीच खाली काढला होता, टोपलं घेऊन जायला, आणि परत लावायचा राहिला होता.

"मी चिकटवून देतो," मी म्हणालो. "बाजूच्या पिंपात प्लॅस्टर दिसतंय. असं देतो की कुणाला कळायचं नाही."

त्या माझ्या हातांकडं बघत होत्या. "देशील. हात दिसून राहिले. पण मंग थे भिंत कोणाले सांगन, का 'मी हालली' म्हणून?"

मी हातातले तुकडे पाहिले. आणि तेव्हा मला दिसलं. किल्लीनं खरवडलेल्या कडा दुधासारख्या पांढऱ्या होत्या. पण दोन तुकड्यांच्या मधली मोड चहाच्या रंगाची, तीत धूळ बसलेली, आणि एका जागी कोळ्याचं जाळंसुद्धा. ही मोड आजची नव्हती. ठिपका माझ्या आधी तुटला होता. वरच्या अंगाला मळ जास्त, खालच्या अंगाला जवळजवळ नाही. म्हणजे भेग वरून उघडत होती. तलावाकडचा कोपरा हळूहळू बाहेर कलत होता.

हे मी शेवंताबाईंना दाखवलं. त्यांनी तुकडे डोळ्यांजवळ नेले, दूर नेले.

"मले तं दर रविवारी साबूतच (अखंड) दिसे," त्या म्हणाल्या. "बांबूपासून पाहत होती मी. डोळे आता पहिल्यासारखे नाही राहिले."

आता आमच्या दोघांपुढं एकच गोष्ट होती. गप्प बसलो तर माझं सोमवारचं काम शाबूत, त्यांची पाळी शाबूत. ठिपका आपोआप गळला असं समजून मॅडम नवा लावतील आणि तो नव्यानं तुटेपर्यंत वाट बघतील. तेवढा वेळ तो कोपरा थांबेल का, हे मला सांगता येत नव्हतं. सोमवारी मजूर त्याच कोपऱ्याखाली बसून डबा खाणार होते.

शेवंताबाईंनी पदरातून चार उकडलेले शिंगाडे काढून माझ्यापुढं ठेवले. "खा आधी." मी एक सोलला. तो हातातच धरून बसलो.

"फोन लाव मॅडमले," त्या म्हणाल्या.

"माझं उद्याचं काम जाईल."

"तुहं उद्याचं, माहं आजचं. लाव."

मी लावला आणि त्यांनी तो माझ्या हातातून घेतला. "मॅडम, शेवंता बोलून राहिली. रविवारची पाळी माही होती. बांबू मी काढला, लावला नाही. कोपऱ्यातला ठिपका निघाला. पण थो आधीच तुटला होता, थे मले दिसलं नाही. ज्याच्या हातानं निघाला थो इथंच हाये. पळाला नाही. त्याच्याशी बोला." आपली चूक आधी, माझी नंतर. तेही पळाला नाही, असं जोडून.

मी बोललो. तत-पप झालं, पण बोललो. रामटेक आजच पहिल्यांदा पाहतोय, हेही सांगून टाकलं. मग मॅडमनी एकच विचारलं, "मळ वरच्या बाजूला जास्त, की खालच्या?"

"वरच्या."

"नक्की?"

"जाळं वरच्याच बाजूला आहे, मॅडम."

"फोटो पाठवा. तुकडे कापडात गुंडाळून ठेवा, पुसू नका. मंडपात कुणाला जाऊ देऊ नका. उद्या नऊ." आणि फोन ठेवला. काम आहे की नाही, काहीच नाही.

एसटीला अवकाश होता. बांबू नीट बांधून, शेजारच्या देवळातल्या पुजाऱ्यांना तिथं बसवून शेवंताबाई मला घरी घेऊन गेल्या. घाटामागं दोन खोल्या. चहा झाला, गरम सांबारवडी झाली (इथं सांबार म्हणजे कोथिंबीर, मी आधी सांबार शोधत होतो). त्यांची मागची भिंत मातीची, बाहेरून बांबूचा टेकू दिलेली. मी सवयीनं एक डोळा मिटून अंगठा धरला. चार बोटं तरी कललेली.

"पाहू नको," त्या म्हणाल्या. "या भिंतीले ठिपका नाही लागत. रोज सकाळी टेकू किती सरकला थेच पाहतो आम्ही."

परतीच्या एसटीत खिडकीशी बसलो. टेकडी पुन्हा धूसर होत गेली, शिखरं पुन्हा हवेत लटकली. डोळ्यांपुढून दिवस उलटा जात होता: पायऱ्या, कमानी, पाण्यातले उलटे खांब, त्या डावखुऱ्याचे घाव. रुमालात दोन पांढरे तुकडे होते आणि गाडी खड्ड्यात गेली की मी ते छातीशी धरत होतो. गडावरून पाहताना मला वाटलं होतं की ही बांधकामं शेकडो वर्षं जागच्या जागी उभी आहेत. ती उभी असतात ती कुणी ना कुणी रोज येऊन बघतं म्हणून. हे मला सातवीपर्यंतच्या कुठल्या पुस्तकात भेटलं नव्हतं, आणि पुढच्या पुस्तकांत असेल तर ती मी वाचली नाहीत.

सोमवारी नऊला गेलो. मॅडमनी तुकडे पाहिले, एका डबीत कापसात ठेवले. दुपारपर्यंत त्या कोपऱ्याला लाकडी टेकू लागले. मला म्हणाल्या, "गवंडी म्हणून आत्ता नाही घेत. महिनाभर रोज हे ठिपके जवळून बघायचे आणि मला सांगायचं. हात लावायचा नाही." मी मान हलवली, दोनदा. शेवंताबाईंची रविवारची पाळी मात्र काढून दुसऱ्याला दिली. मी मधे पडलो, चूक माझी आहे म्हटलं. मॅडम म्हणाल्या, नियम तो नियम.

घाटावर जाऊन शेवंताबाईंची माफी मागितली. त्या शिंगाडे तोलत होत्या. "बरं झालं ना बाप्पा," त्या म्हणाल्या, "रविवारीच तं गिऱ्हाईक जास्त राह्यते." गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनी तराजू खाली ठेवला आणि उगाच पाण्याकडं बघत बसल्या. मी ते पाहिलं.

त्यांना मी काही बोललो नाही, बोललो असतो तर हसण्यावारी नेलं असतं. म्हणून इथं, गावातल्या सगळ्यांसमोर लिहून ठेवतो, म्हणजे मला फिरता येणार नाही. ज्या दिवशी माझ्या हातात गवंडी म्हणून थापी देतील, त्यानंतरचा पहिला रविवार शेवंताबाईंचा. त्यांची मागची भिंत मी पायापासून उभी करून देईन, ओळंब्यात.